हेमंतातील त्वचारौक्ष्य : सुरगाण्याच्या घाण्यावरील स्नेह आणि वैद्याचे कर्तव्य

पावसाळ्याचे चार महिने ज्या भूप्रदेशात ओल सरत नाही, त्याच प्रदेशात कार्तिक उलटताच कोरडेपणा असह्य होतो, हे नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकावरील सुरगाणा तालुक्याचे वैशिष्ट्य आहे. नार आणि पार या नद्यांच्या खोऱ्यांत भाताची कापणी उरकते, डोंगरउतारावरील खुरासणीची पिवळी फुले गळून बोंडे वाळू लागतात आणि त्याच सुमारास बोरगाव, उंबरठाण, बाऱ्हे या बाजाराच्या गावी रुग्ण पाहणाऱ्या वैद्यांपुढे फुटलेल्या टाचा, चिरलेली बोटे, कोंड्यासारखी सुटणारी पोटऱ्यांवरील त्वचा आणि रात्री अंग खाजवून जागणारी वृद्ध माणसे येऊ लागतात.

ही तक्रार क्षुल्लक समजण्याचा प्रघात आहे. रुग्णास एखादे सुगंधी तेल किंवा मलम देऊन वाटेस लावले जाते. परंतु ज्याची उपजीविका अनवाणी पायांवर आणि उघड्या हातांवर अवलंबून आहे, त्याच्या टाचेची भेग म्हणजे बुडालेली मजुरी होय. त्याच भेगेतून जंतुसंसर्ग शिरतो, मधुमेही रुग्णात तिचे व्रणात रूपांतर होते, आणि कधी कधी हे रौक्ष्य एखाद्या गंभीर व्याधीचे पहिले लक्षणही असते. म्हणून या विषयाचा सांगोपांग विचार वैद्यबंधू व औषधालयचालक यांच्यापुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. आमचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : साध्या रौक्ष्यास लागणारा स्नेह बहुधा रुग्णाच्या घरात किंवा गावच्या घाण्यावर असतोच. तो कोणता, केव्हा व कसा वापरावा हे सांगणे आणि तो कोणास पुरेसा नाही हे ओळखणे, हेच वैद्याचे खरे काम आहे.

ऋतुविचार

हेमंतात अग्नी प्रबळ असतो हे आपण सर्व जाणतोच. त्याच प्रकरणात चरकाचार्यांनी दिलेला इशारा मात्र व्यवहारात विसरला जातो. प्रबळ झालेल्या या अग्नीस पुरेसे इंधन, म्हणजे गुरू व स्निग्ध आहार मिळाला नाही, तर तो शरीरातील रसधातूचेच शोषण करतो आणि शीत गुणाच्या साह्याने वायू प्रकुपित होतो. पुढे शिशिरात आदानकालजन्य रौक्ष्याची भर पडते. याचा अर्थ असा की हिवाळ्यातील त्वचारौक्ष्यास बाह्य आणि आभ्यंतर अशी दोन्ही कारणे आहेत. पहाटे उपाशीपोटी कामास जाणारा आणि दुपारी कोरडी भाकर खाणारा मजूर या संप्राप्तीचे चालते-बोलते उदाहरण ठरतो. अशा रुग्णास केवळ बाहेरून तेल चोळून संपूर्ण उपशय मिळणार नाही.

आधुनिक त्वचाशास्त्र हीच गोष्ट वेगळ्या परिभाषेत मांडते. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या स्तरातील पाण्याचा अंश सुमारे दहा टक्क्यांच्या खाली गेला की तो स्तर लवचिकता गमावतो, तडकतो व सुटू लागतो. हे पाणी धरून ठेवण्याचे काम पेशींमधील स्निग्ध द्रव्ये करतात. कोरडी हवा, अति उष्ण पाणी व क्षारयुक्त साबण या तिघांमुळे ती द्रव्ये नष्ट होतात. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर कपडे धुण्याची वडी व साधा साबण क्षारधर्मी असतो. एकाच वडीने कपडे आणि अंग दोन्ही धुण्याची रीत असलेल्या घरात रौक्ष्याचा हेतू निराळा शोधावा लागत नाही.

प्रथम व्यवच्छेद

तेलाचा विचार करण्यापूर्वी पुढील अवस्था वगळल्याच पाहिजेत.

पहिली अवस्था बधिर त्वचेची. एखादा डाग फिकट किंवा तांबूस असून तेथे घाम येत नाही, त्वचा कोरडी आहे आणि कापसाचा स्पर्श कळत नाही, अशा रुग्णास शासकीय आरोग्य केंद्रात तपासणीसाठी पाठविणे हे आपले कर्तव्य होय. २००५ अखेर राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांस एकापेक्षा खाली आल्याचे जाहीर झाले, तरी रोग नाहीसा झालेला नाही. बहुविध औषधोपचार शासनातर्फे विनामूल्य मिळतो आणि वेळीच सुरू झाल्यास हातापायांची विकृती टळते. येथे एक भाषिक सावधगिरी आवश्यक वाटते. आपल्या शास्त्रात विपादिकेची गणना क्षुद्रकुष्ठात होते. परंतु रुग्णापुढे ‘कुष्ठ’ हा शब्द उच्चारल्यास तो महारोगाच्या भीतीने परत येणार नाही. त्यास ‘भेगांचा विकार’ एवढेच सांगावे.

दुसरी अवस्था मधुमेहाची. पायांत मुंग्या, जळजळ किंवा बधिरता असणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाची रक्तशर्करा पाहावी. अशा रुग्णाने पाय कढत पाण्यात बुडविल्यास किंवा शेकोटीजवळ धरल्यास भाजल्याचे त्यास कळत नाही. पाण्याची उष्णता त्याच्या कोपराने किंवा घरातील दुसऱ्या माणसाच्या हाताने पाहावी.

तिसरी अवस्था खरजेची. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व कमरेस बारीक पुटकुळ्या, रात्री वाढणारी कंडू आणि घरातील अनेकांना एकाच वेळी त्रास, असे चित्र असल्यास ते रौक्ष्य नव्हे. आश्रमशाळेतून सुटीस आलेल्या मुलांत हा विकार हिवाळ्यात विशेष आढळतो. येथे नुसत्या अभ्यंगाने कालहरण होते. संपूर्ण कुटुंबाची एकाच वेळी चिकित्सा आणि अंथरूण-पांघरुणाची धुलाई आवश्यक असते.

याखेरीज माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे सुटणारे एककुष्ठ, आणि थकवा, वजनवाढ, मलावष्टंभ यांसह येणारे रौक्ष्य (ज्यात अवटू ग्रंथीची तपासणी करावी) यांचाही विचार करावा.

हातांचा व्यवसाय विचारावा

सुरगाणा तालुक्यातील अनेक कुटुंबे खरीप आटोपताच दिंडोरी, निफाडकडील द्राक्षबागांत कामास जातात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावले जाते. मजूर त्यास ‘पेस्ट’ म्हणतात. हे द्रव्य त्वचेचा दाह करणारे आहे. उघड्या बोटांनी ते लावणाऱ्याच्या हातांची साल निघते, बोटे चिरतात, आणि त्याच काळात मद्यपान केल्यास चेहरा लाल होणे, धडधड, श्वास लागणे अशी लक्षणे उद्भवतात. अशा हातांकडे पाहून केवळ वातज विपादिकेचे निदान करणे म्हणजे हेतूकडे पाठ फिरविणे होय. निदानपरिवर्जन हीच येथील पहिली चिकित्सा. रबरी हातमोजे, काम संपताच भरपूर स्वच्छ पाण्याने हात धुणे, आणि त्यानंतरच स्नेह. न धुतलेल्या हातांस तेल चोळू नये.

कोणता स्नेह निवडावा

स्नेहाध्यायात चरकाचार्यांनी स्थावर स्नेहांच्या योनी सांगताना तिळाबरोबरच मधूक, करंज, शिग्रू, बिभीतक, एरंड, अतसी इत्यादींचा समावेश केला आहे. यांपैकी मोह, करंज व बेहडा सुरगाण्याच्या रानात उभे आहेत. परंतु रानात आहे म्हणून सर्वत्र वापरावे, असा याचा अर्थ नाही. प्रत्येकाचा अधिकार वेगळा आहे.

तिळतेल. बल व स्नेहन यांसाठी सर्व तैलांत तिळतेल श्रेष्ठ मानले आहे. ते उष्ण, सूक्ष्म, व्यवायी, वातघ्न व त्वच्य असल्याने सर्वांगाच्या अभ्यंगास प्रथम पसंती त्याचीच.

टोळंबीचे तेल. मोहाच्या बियांना कोठे मोहट्या, तर कोठे टोळंब्या म्हणतात. सुश्रुताचार्यांनी मधूकतैल मधुर, कषाय व कफपित्तशामक सांगितले आहे. म्हणजे शास्त्रदृष्ट्या ते अग्रगण्य वातघ्न नव्हे. त्याची उपयुक्तता त्याच्या घनतेत आहे. थंडीत ते थिजते आणि जाड त्वचेवर मेणासारखा थर धरून राहते. म्हणून टाचा, तळवे, कोपरे व गुडघे हे त्याचे क्षेत्र समजावे. त्यात ओलिक आम्लाचे प्रमाण मोठे आहे. ओलिक आम्लप्रधान तेले कोवळ्या त्वचेचा संरक्षक स्तर सैल करू शकतात, असे आधुनिक अभ्यासांतून दिसले आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रौढांच्या त्वचेवर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावल्याने हा स्तर दुर्बल झाला, तर सूर्यफुलाच्या तेलाने तो अबाधित राहिला. तेव्हा तान्ह्या बाळाच्या अंगास टोळंबीचे तेल न लावणे इष्ट. बाळास तिळाचे किंवा खोबरेल तेल हलक्या हाताने लावावे. जोराने रगडण्याची पद्धत बंद करावी.

खुरासणीचे तेल. घाटमाथ्याच्या काही भागांत ज्यास कारळे म्हणतात, ती ही खुरासणी. तिचे मूळ इथिओपियातील. आपल्या संहितांत तिचा उल्लेख नाही. तथापि जगात अनौषध असे द्रव्य नाही, हा चरकाचार्यांचा सिद्धान्त अशा द्रव्यांचा विचार करण्यास आपल्याला मुभा देतो. या तेलात लिनोलिक आम्लाचा वाटा निम्म्याहून अधिक असतो आणि त्या बाबतीत ते सूर्यफुलाच्या तेलाच्या जवळ येते. सूर्यफुलाच्या तेलाचे गुण त्यात जसेच्या तसे आहेत असे म्हणणे घाईचे होईल, परंतु तिळतेल परवडत नसलेल्या घरात सर्वांगास लावण्यासाठी ते योग्य पर्याय आहे, असे आमचे मत आहे. त्यातही एक सोय अशी की खुरासणीची काढणी हेमंताच्या आरंभी होते. ज्या ऋतूत स्नेहाची गरज, त्याच ऋतूत ताजे तेल घाण्यावरून मिळते.

करंजतेल. हे तीक्ष्ण, उष्ण व कृमिघ्न आहे. कंडू, पामा किंवा पूतियुक्त विकारांत त्याचा उपयोग करावा. साध्या रौक्ष्यात ते एकटे वापरल्यास दाह होण्याचा संभव असतो. ते पोटात घेण्यायोग्य नाही, हे बाटलीवर ठळकपणे लिहावे.

खोबरेल तेलाविषयी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. २००४ साली फिलिपिन्समधील संशोधकांनी कोरड्या त्वचेच्या रुग्णांत शुद्ध खोबरेल व खनिज तेल यांची तुलना केली तेव्हा दोन्ही सारखीच उपयुक्त ठरली. महाग व परदेशी नावाच्या बाटलीत विशेष सामर्थ्य असते, हा समज रुग्णाच्या मनातून काढण्यास एवढे पुरेसे आहे.

विधी

तेल त्वचेस पाणी देत नाही, असलेले पाणी धरून ठेवते. हे एक तत्त्व रुग्णास समजले की विधी आपोआप सुधारतो.

१. स्नानापूर्वी अर्धा तास, शक्य तर कोवळ्या उन्हात बसून, कोमट तेल अनुलोम दिशेने सर्वांगास लावावे. प्रौढास साधारण दोन ते तीन मोठे चमचे तेल पुरते. शिर, कान व पाय यांवर विशेष लक्ष द्यावे.

२. स्नान कोमट पाण्याने आणि अल्प वेळात करावे. चुलीवरचे कढत पाणी अंगास बरे वाटते, परंतु रौक्ष्य वाढविते.

३. साबण काखा, जांघा व पावले यांपुरताच वापरावा. इतरत्र मसुराचे किंवा हरभऱ्याचे पीठ दुधात अथवा तेलात कालवून लावावे. कोरड्या उटण्याने उद्वर्तन करणे हा कफमेदोहर उपक्रम आहे. रूक्ष त्वचेवर त्याची योजना करू नये.

४. अंग पंचाने टिपावे, रगडू नये. त्वचा किंचित ओलसर असतानाच पुन्हा एक लहान चमचा तेल हात, पाय व पोटऱ्यांना लावावे. ज्यास स्नानापूर्वीच्या अभ्यंगास सवड नाही, त्याने निदान ही चौथी पायरी तरी सोडू नये.

५. शेकोटीस अगदी खेटून बसू नये. पोटऱ्यांवर दिसणारे जाळीदार काळसर डाग हे त्या सवयीचे चिन्ह असते.

नवज्वर, अजीर्ण, प्रतिश्याय व कफप्रधान अवस्थेत तसेच शोधनानंतर लगेच अभ्यंग वर्ज्य आहे, याचे स्मरण असावे. भेगांवर लिंबू चोळण्याचा घरगुती प्रकार टाळावा. कोरफडीचा गर लावल्यास त्यावर तेलाचा हात फिरवावा, अन्यथा तो सुकून त्वचा अधिक ताणली जाते.

पाददारी व विपादिका

सुश्रुताचार्यांनी पाददारीच्या चिकित्सेत स्नेहन-स्वेदनानंतर मेण, वसा, मज्जा, राळ, घृत, यवक्षार व गैरिक यांचा लेप सांगितला आहे. चरकोक्त विपादिकाहर योगातही जीवंती, मंजिष्ठा, दारुहळद, कंपिल्लक आदींनी सिद्ध केलेल्या घृत-तैलात शेवटी राळ व मेण मिसळले जाते. दोन्ही ठिकाणी मेण यावे, हा योगायोग नव्हे. भेग भरून येण्यासाठी तिच्या कडा मऊ राहिल्या पाहिजेत आणि वरून आच्छादन टिकले पाहिजे.

खेड्यात सहज करता येईल असा विधी पुढीलप्रमाणे : रात्री झोपण्यापूर्वी पाय पंधरा-वीस मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत. मऊ झालेली जाड त्वचा वजरीने हळूच घासावी. पाते किंवा विळा लावू नये. पाणी टिपून लगेच सिक्थतैल भरावे व जुन्या सुती कापडाने किंवा मोज्याने पाय झाकावेत. संवेदना गमावलेल्या पायांच्या निगेसाठी कुष्ठरोग सेवेतील कार्यकर्तेही भिजविणे, घासणे व तेल लावणे हाच क्रम शिकवितात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्याच्या पायात खोल चीर, पू, सूज किंवा काळसरपणा आहे, त्याने मात्र पाय भिजवू नयेत. त्यास प्रथम व्रणचिकित्सा द्यावी.

सिक्थतैलात तिळतेलाच्या पाच भागांस मेणाचा एक भाग हे प्रमाण रूढ आहे. टोळंबीचे तेल मुळात घट्ट असल्याने त्यात मेण कमी लागते. थोडा नमुना थंड करून, बोटाने सहज पसरेल इतपत घट्टपणा ठेवावा. मेण गरम पाण्यात वितळवून, गाळून शुद्ध केलेले असावे. राळ घातल्यास काही रुग्णांना त्याचा त्रास होतो, म्हणून आधी हाताच्या आतील बाजूस लावून एक दिवस पाहावे.

जीर्ण व वारंवार उलटणाऱ्या विपादिकेत केवळ बाह्योपचारांवर विसंबू नये. बल पाहून आभ्यंतर स्नेहपान व शोधन यांचा विचार करावाच लागतो.

आहार

रुग्णाच्या ताटात स्नेह नसेल तर त्वचेत तो कोठून येणार? दररोज तूप खा, असा सल्ला देणे सोपे आहे, पण तो पाळणे अनेकांच्या ऐपतीबाहेरचे आहे. नागलीच्या भाकरीबरोबर खुरासणीची चटणी, उडदाची डाळ, तीळ-गूळ, भुईमूग, आणि सकाळी कामास निघण्यापूर्वी काहीतरी उष्ण अन्न, एवढे निश्चित सांगावे. उपाशीपोटी चहावर दुपार करणे हे हेमंतातील सर्वांत मोठे अपथ्य होय. थंडीत तहान कमी लागते, म्हणून कोमट पाणी आठवणीने प्यावे.

औषधालयचालकांसाठी

घाण्याचे तेल हे शुद्धच असते, असे गृहीत धरू नये. टोळंब्या पावसाच्या तोंडावर गोळा होतात. नीट न वाळलेल्या बियांना बुरशी येते व तेल खवट होते. बी स्वतः पाहून, फोडून, वास घेऊन घ्यावे. खुरासणीचे तेल तर लवकर खवटते. म्हणून ते थोडे घ्यावे, दोन-तीन दिवस निवळू द्यावे, गाळून गडद काचेच्या बाटलीत भरावे आणि घाण्याचा दिनांक चिठ्ठीवर लिहावा. तिळतेलाचे मूर्च्छन करण्याचा जुना संस्कार कंटाळ्यापोटी वगळू नये.

भेसळीचा धडा १९९८ साली दिल्लीने घेतला. पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळलेल्या मोहरीच्या तेलामुळे तेथे सूज व श्वासकष्टाच्या जलोदरसदृश विकाराची मोठी साथ आली होती. कोणतेही तेल अनोळखी ठिकाणाहून, केवळ स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

कायद्याची मर्यादाही ध्यानी असावी. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार वैद्यास स्वतःच्या रुग्णांकरिता औषध बनविण्याची सूट आहे. परंतु सिद्ध तेल वा मलम भरून दुकानांत विक्रीस ठेवावयाचे असल्यास उत्पादन परवाना व २००० सालापासून लागू असलेले उत्तम निर्मिती पद्धतीचे नियम पाळावे लागतात. साध्या तेलाच्या बाटलीवर रोगनिवारणाचा दावा छापणे टाळावे.

आणखी एक मुद्दा. सुरगाणा हा अनुसूचित क्षेत्रातील तालुका आहे आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ते गोळा करणाऱ्यांचा हक्क मान्य केला आहे. औषधालयांनी टोळंब्या व खुरासणी थेट गावातून, वजन व भाव उघड ठेवून घेतल्यास बी चांगले मिळेल, आणि ज्याच्या टाचेवर आपण मलम लावतो त्याच्याच घरात दोन पैसे जातील.

समारोप

वनौषधींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ व वनवासी जाणतात. परंतु त्यांचा योग जो जाणतो तोच तत्त्ववेत्ता, असे चरकाचार्यांनी ग्रंथाच्या आरंभीच सांगून ठेवले आहे. सुरगाण्याच्या डोंगरातील माणूस मोह ओळखतो, खुरासणी पेरतो, तेल गाळतो. त्यास बाजारातील बाटली विकणे हे वैद्यकर्म नव्हे. कोणते तेल टाचेला व कोणते अंगाला, ते ओल्या त्वचेवर का लावावे, पेस्टचे हात आधी का धुवावेत, आणि कोणता डाग दिसताच तेल बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे, हे त्यास सांगणे म्हणजे योग जाणणे होय. येत्या हेमंतात आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या प्रत्येक फुटलेल्या टाचेस निदान दोन प्रश्न विचारले जावेत : येथे स्पर्श कळतो का, आणि घरात कोणते तेल आहे? चिकित्सेची अर्धी वाट या दोन उत्तरांतच सापडते, असे आम्हास वाटते.